गालाच्या हाडात भुंगा

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या बदलापुरातल्या कात्रपच्या सोसायटीत मला अजून कुणाला धड समजावून सांगता आलेलं नाही. एकदा हळदीकुंकवाला समोरच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "लोकांच्या डोळ्यांवर एक पेटी बांधायची आणि ती गालाला गुदगुल्या करत नाही ना, ते बघायचं." त्यांनी मान हलवली, माझ्या हातात वाण ठेवलं आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तेव्हापासून मी विचारणाऱ्याला "इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" एवढंच सांगते. पण इथे पानं भरपूर आहेत आणि मला मध्येच थांबवणारं कुणी नाही, म्हणून नीट सांगते.

ती पेटी म्हणजे व्हीआर हेडसेट. पोहायच्या चष्म्याचा थोरला भाऊ म्हणा. आत दोन छोटे पडदे, त्यांच्यापुढे भिंगं. डोळ्यांवर चढवून मागे पट्टा आवळला की आपण जिथे उभे असतो ती खोली नाहीशी होते आणि दुसरीच जागा दिसू लागते. मान वर केली की तिथलं छत दिसतं, खाली पाहिलं की तिथली जमीन. आवाज येतो पट्ट्यात बसवलेल्या लहान स्पीकरमधून. माझा त्या चित्राशी काही संबंध नाही. माझा संबंध आवाजाशी, आणि आवाजाच्याही त्या भागाशी, जो कानात जायचा सोडून हाडात जातो.

एसटी सिग्नलला उभी असते, इंजिन चालू असतं आणि आपण खिडकीच्या काचेला डोकं टेकतो, तेव्हा दात कसे हुळहुळतात? तेच. स्पीकरमध्ये शंकूसारखा एक कागदी कोन असतो, तो पुढेमागे धावून हवा ढकलतो. पण होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते ना, तसा कोन पुढे गेला की मागचा लोहचुंबक उलट दिशेला ढकलला जातो. तो धक्का स्क्रूमधून पट्ट्यात, पट्ट्यातून पेटीच्या सांगाड्यात आणि तिथून माणसाच्या गालात. उंच, बारीक आवाजात हे जाणवत नाही. खालच्या, घुमणाऱ्या आवाजात जाणवतं. डोळे सांगतात तू हवेत तरंगतोयस, कान सांगतात वारा वाहतोय, आणि गाल सांगतो की कुणीतरी शेजारी मिक्सर लावलाय. या तिघांचं पटलं नाही की माणसाला मळमळायला लागतं.

मी यात आले ती मात्र जुन्या रस्त्याने. मोरिवलीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत एक स्पीकरचा कारखाना होता. त्याच्या टेस्टिंग खोलीत मी सव्वीस वर्षं काढली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेली ती खोली, मध्ये लाकडी बाक, बाकावर एक यंत्र. ते यंत्र अगदी खर्जापासून सुरू करून सूर सावकाश वर चढवत न्यायचं. आम्ही बायका त्याला शिडी म्हणायचो. समोर स्पीकर ठेवायचा, शिडी लावायची आणि ऐकायचं. कुठल्याशा पायरीवर खरखर झाली की कॉइल घासतेय. फुरफुर झाली की गोंद सुटलाय. किणकिण झाली की आत कचरा राहिलाय. दिवसाला शेकडो स्पीकर. घरी आल्यावर कुकरची शिट्टी वाजली तरी मी ती कुठल्या पायरीवरची आहे ते मनात ठरवायची. आमच्या यांनी त्यावरून माझी खूप चेष्टा केलेली आहे.

कारखाना बंद झाला, सामान विकायला निघालं. तो बाक आणि ते यंत्र मयूर नावाच्या बदलापूरच्याच एका इंजिनिअरने उचललं. त्याने त्याच वसाहतीत एक गाळा घेऊन हे हेडसेट जुळवायचं काम सुरू केलं होतं. यंत्र घेऊन गेला खरा, पण ते चालवायचं कसं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने जुन्या वॉचमनला विचारलं, वॉचमनने माझा नंबर दिला. मी एक दिवस दाखवायला म्हणून गेले ती आजतागायत तिथेच आहे. मयूर मला काकू म्हणतो आणि मी त्याला साहेब म्हणते, तेही फक्त त्याला राग यावा म्हणून.

हेडसेट तपासायची माझी पद्धत बघून मयूर सुरुवातीला जरा ओशाळायचा. मी सेट आडवा ठेवते, सांगाड्याच्या सपाट भागावर चिमूटभर कोरडी रांगोळी भुरभुरते आणि शिडी लावते. जिथे थरथर होते तिथून रांगोळी पळते आणि जिथे शांत असतं तिथे जाऊन बसते. थरथर डोळ्यांना दिसते. मग तिथल्या स्क्रूखाली रबराची चकती घालायची, किंवा सैल भाग घट्ट करायचा, किंवा आवाजातलाच अगदी तळाचा भाग कापून टाकायचा. एकदा मोठे पाहुणे येणार होते तेव्हा मयूरने माझी रांगोळीची पुडी कपाटात लपवली होती. नंतर त्याच पाहुण्यांना त्याने स्वतः रांगोळी टाकून दाखवली आणि श्रेयही घेतलं.

आता जरा फजितीचं सांगते.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये मनूसेठ म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत. त्यांचा पिढीजात धंदा पडद्याच्या कापडाचा. त्यांनी दुकानाच्या माळ्यावर व्हीआर गेमचं पार्लर काढलं आणि आमच्याकडून चार सेट नेले. महिन्याभरात फोन आला. गिऱ्हाईक तक्रार करतंय, खेळातलं भूत बोलायला लागलं की हातातले कंट्रोलर आणि डोक्यावरची पेटी, सगळं थरथरतं. एका माणसाने तर घाबरून पडद्याच्या ठाणांवर उडी घेतली. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. मनूसेठने चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि मी खाली दुकानातच एकेक सेट खोलायला लागले.

चारही सेट खोलले. स्क्रू ठेवायला त्यांच्याच चार बशा घेतल्या. चकत्या जागेवर, तारा जागेवर, कुठे काही सैल नाही. जेवायची वेळ टळून गेली. मी पुन्हा सगळं बांधलं, पुन्हा लावून पाहिलं, भूत बोललं आणि पेटी पुन्हा थरथरली. सव्वीस वर्षांचा माझा कान त्या दिवशी पार उताणा पडला.

गल्ल्यावर मनूसेठच्या आई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पांढरा सलवार-कुडता, डोक्यावर ओढणी. सकाळपासून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि जरा अपराधीपणाने म्हणाल्या, "बेटी, वो हिलनेवाला मैंने चालू किया है."

झालं होतं असं. या सेटमध्ये थरथरण्यासाठी वेगळी छोटी मोटरही असते, आणि आवाज आला की मोटरही हलावी अशी एक सोय मेनूमध्ये असते. एक खूण केली की चालू, काढली की बंद. दुपारी गिऱ्हाईक नसताना अम्मा वर जाऊन सेट लावत. चारही सेटवर त्यांनी ती खूण करून ठेवली होती, कारण कुठला सेट हाताला येईल त्याचा नेम नाही. मी विचारलं, पण का? त्या म्हणाल्या, "सुनाई कम देता है ना. हाथ में बोलता है तो समझ में आता है."

ज्या थरथरीला मी शत्रू समजून सकाळपासून शोधत होते, ती त्या बाईचा कान होती. मी तीन सेटवरची खूण काढली. चौथ्या सेटच्या पट्ट्याला लाल रिबिन बांधली आणि मनूसेठला सांगितलं की हा अम्मांचा, गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. त्या दिवसापासून सेट हातात घेण्याआधी मी मेनू उघडून बघते. तोंडावर आपटल्याशिवाय ही शिस्त मला लागली नसती.

पण मला खरं सांगायचंय ते वनिताबद्दल.

अंबरनाथच्या वसाहतीत लोखंडाचे अवजड भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे छताखाली, दोन बाजूंच्या रुळांवर धावणारी मोठी क्रेन असते. क्रेनला खाली एक केबिन लटकलेली. चालवणाऱ्याने शिडीने वर चढून त्या केबिनमध्ये बसायचं आणि काही टन वजन उचलून शेडच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं. हे काम तोवर पुरुषच करत. कंपनीने ठरवलं की आजूबाजूच्या गावांतल्या बारा जणांना शिकवायचं आणि त्यात मुलीही घ्यायच्या. शिकण्यासाठी खरी क्रेन अडकवून ठेवणं परवडत नाही, म्हणून आधी तीन आठवडे व्हीआरवर सराव, मग परीक्षा, आणि पास होतील त्यांना खऱ्या क्रेनवर. सहा सेटची ऑर्डर मयूरला मिळाली. आमच्या गाळ्यासाठी ती फार मोठी होती. चित्र पुण्याच्या काही मंडळींनी बनवलं, आवाज खऱ्या क्रेनचा ध्वनिमुद्रित केला. शिकवायला पाटील सर होते, ज्यांनी स्वतः तीस वर्षं क्रेन चालवलेली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाटील सरांचा फोन आला. मुली मध्येच सेट काढतात, मळमळतं म्हणतात. एकीने येणंच सोडलं. त्यांचं मत होतं की उंचीची भीती आहे, पण ऑफिसने सांगितलंय म्हणून एकदा सेट तपासून जा.

मी गेले. माझ्या डोळ्यांवर चष्मा, म्हणून सेटच्या आत चष्म्यासाठीची जाड कड बसवली, पेटी चढवली आणि दहा मिनिटं ती क्रेन चालवली. मजा आली. गालाला काही लागलं नाही. सहाही सेट तसेच बघितले आणि कागदावर लिहून दिलं, "सेट व्यवस्थित आहेत." खाली सही.

निघताना बाकावर एक मुलगी बसलेली दिसली. बारीक चण, निमुळता चेहरा, नुकतंच तोंड धुऊन आली होती. हीच वनिता. बारवीच्या वाटेवरच्या डोंगरातल्या एका ठाकूरवाडीत तिचं घर. घरी भातशेती, रानातून लाकूडफाटा, आणि बारावी झाल्यावर दोन हंगाम तिने भाताच्या गिरणीत काम केलेलं. मी विचारलं, काय होतं गं नेमकं? ती खाली बघत म्हणाली, "मावशी, गालान भुंगा शिरतंय."

मी म्हटलं, "सवय होईल."

तिने मान डोलावली. मी रिक्षात बसले.

सवय होईल. हे दोन शब्द मी किती सहज टाकले. रिक्षा वसाहतीबाहेर पडेपर्यंत मला काही वाटलं नाही. मग हळूहळू तो भुंगा टोचायला लागला. घाबरलेलं माणूस काय म्हणतं? छातीत धडधडतं म्हणतं, पाय लटपटतात म्हणतं. ही पोरगी जागा सांगत होती आणि आवाजही सांगत होती. टेस्टिंग खोलीत आम्ही याहून वेगळं काय करत होतो? खरखर, फुरफुर, किणकिण. तिने मला तपासणीचा नेमका शेरा दिला होता आणि मी तो न वाचताच सही केली होती.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले. पाटील सरांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. परीक्षा शनिवारी होती, तो मंगळवार. त्यांच्या टेबलावर बारा नावांची यादी होती आणि वनिताच्या नावापुढे लाल पेनने एकच शब्द लिहिलेला होता, "घाबरते."

मी चष्मा काढला, जाड कड काढली आणि पट्टा आवळला. आता पेटी थेट गालावर टेकली. क्रेन सुरू केली आणि मोटरचा घुमणारा आवाज आला तेव्हा मला ती थरथर पहिल्यांदा लागली. बारीक, पण होती. मग वनिताला बसवलं. तिच्या गालाच्या हाडावर आणि पेटीच्या कडेवर मिळून माझी दोन बोटं ठेवली. तिने क्रेन चालवली आणि माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

कारण कळायला मग वेळ लागला नाही. पाटील सरांचा चेहरा रुंद, पेटी त्यांच्या कपाळावर बसायची. वनिताचा चेहरा लहान, पेटी घसरू नये म्हणून पट्टा पार आवळलेला आणि सगळा भार गालांच्या हाडांवर. त्यात शेडमध्ये गोंगाट असतो म्हणून आवाज कायम पूर्ण वाढवून ठेवलेला. आणि मोटरचा तो घुमणारा सूर नेमका त्या पायरीवर, जिथे आमचा सांगाडा सगळ्यात जास्त हलतो. हे मी नंतर गाळ्यात रांगोळी टाकून पाहिलं. बाकी सगळ्या पायऱ्यांवर रांगोळी जागच्या जागी, आणि त्या एका पायरीवर सगळी टेबलावर सांडली.

पण त्या मंगळवारी आणखी एक गोष्ट झाली. वनिता काय बघतेय ते समोरच्या टीव्हीवर दिसत होतं. तिने वजन उचललं, शेडच्या टोकाला नेलं, बरोबर खुणेवर थांबवलं. आणि मग ती नुसती बसून राहिली. वजन खाली सोडेना. पाटील सर मला हळूच म्हणाले की हेच बघा, दर वेळी इथे हिची हिंमत जाते.

मी वनिताला विचारलं, थांबलीस का? तिने पेटी काढली. घाबरलेली अजिबात दिसली नाही, उलट मी असं काय विचारतेय अशा नजरेने तिने बघितलं.

"गाडी थांबली नाय ना अजून," ती म्हणाली. "गालान लागतंय."

टीव्हीवर क्रेन केव्हाच थांबलेली होती. पण पुण्याच्या मंडळींनी मोटरचा आवाज एकदम तोडला नव्हता, कानाला बरं वाटावं म्हणून हळूहळू विरत नेला होता. ते विरणं कानाला कळत नव्हतं, पण तिच्या हाडाला कळत होतं.

मी विचारलं की डोळ्यांना थांबलेली दिसत होती ना, मग गालावर कशाला विश्वास ठेवायचा? तेव्हा तिने गिरणीचं सांगितलं. पट्टा थांबलेला दिसतो, पण जोत्यावर तळवा ठेवला की आत चाक फिरत असलेलं कळतं. ते कळायचं थांबेपर्यंत कुणी हात घालायचा नाही. तिच्या बरोबरच्या एका बाईने नुसतं डोळ्यांनी बघितलं होतं आणि तिचा पदर आत गेला होता. बाई वाचली, पण दंडापासून सोलवटली. "तवापासून मी हाताला इचारते," वनिता म्हणाली, "डोळ्यांना नाय."

पाटील सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खऱ्या क्रेनवर ते स्वतः तसंच करतात. क्रेन थांबली तरी वजन झुलत असतं, सांगाडा थरथरत असतो. ते शमेपर्यंत थांबायचं. हे शिकवायला त्यांना नव्या माणसाबरोबर सहा-सहा महिने लागतात. या मुलीला ते आधीच येत होतं आणि आपण तिला भित्री ठरवलं.

आता माझ्यापुढे दोन कामं होती. एक म्हणजे सहा सेट तीन दिवसांत दुरुस्त करायचे. दुसरं त्याहून अवघड. कालचा तो सही केलेला कागद.

मयूरला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. सेट गुपचूप सुधारून देऊ, असं त्याचं म्हणणं होतं. आपणच चुकीचा दाखला दिला हे लिहून दिलं तर ऑर्डर जाईल आणि नावही जाईल. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गाळ्यात आम्ही पाच जणं पोट भरत होतो. पण गुपचूप सुधारले तर यादीवरचा तो लाल शब्द तसाच राहणार होता. मी त्याला म्हटलं की सही माझी आहे, मीच जाते.

कंपनीच्या ऑफिसात ज्या मॅडम होत्या त्यांनी माझा नवा कागद दोनदा वाचला आणि विचारलं की मग काल व्यवस्थित कसं लिहिलंत? मी सांगितलं, "चष्मा घालून तपासलं म्हणून." मग मी टेबलावरच एक सेट काढून त्यांना घालायला लावला. त्यांचाही चेहरा लहानच होता. क्रेन सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात त्यांनी गालाला हात लावला. पुढे मला काही समजवावं लागलं नाही. परीक्षा पुढे ढकलणार नाही, पण सेट दुरुस्त होऊन येईपर्यंतचे सगळे शेरे रद्द, असं त्यांनी सांगितलं.

ते तीन दिवस मला फार आवडले. मयूरने आवाजातला तो घुमणारा सूर हलका केला आणि त्याची लांबलेली शेपूट पुण्याला फोन करून छाटून घेतली. मी प्रत्येक स्पीकरच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या. आणि कॅम्प पाचमधून मऊ फोम आणि कापड आणून लहान चेहऱ्यासाठी वेगळ्या गाद्या शिवल्या. पेटीचा भार गालावरून कपाळावर जावा म्हणून वर जाड, खाली पातळ. मनूसेठने कापड आपल्याच दुकानातून दिलं, त्यामुळे त्यातल्या दोन गाद्यांवर पडद्याची गुलाबी फुलं आहेत. मयूर म्हणाला की काकू, डिझाइनमध्ये ही फुलं नव्हती. मी म्हटलं, साहेब, डिझाइनमध्ये मुलीही नव्हत्या.

शनिवारी परीक्षा झाली. कुणी सेट मध्येच काढला नाही. वनिताने वजन उचललं, टोकाला नेलं, थांबवलं. आता भुंगा नव्हता. तरी ती थांबली, वजनाचं झुलणं डोळ्यांनी मोजलं, आणि ते शांत झाल्यावरच अगदी हलकं खाली टेकवलं. पाटील सरांनी लाल पेन काढलं. "घाबरते" वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "थांबते." आठ जण पास झाले, त्यात तीन मुली. वनिता पहिली आली असं मला लिहायला आवडलं असतं, पण ती तिसरी आली.

जी मुलगी आधीच सोडून गेली होती, तिचं नाव सुजाता. ती वांगणीची. तिला मी फोन केला. ती बदलापूरला एका कपड्यांच्या दुकानात लागली होती आणि परत यायला तयार नव्हती. मला राहवलं नाही म्हणून मी दुकानात गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चूक पेटीची होती, तपासणी माझी होती. तिने हातातली घडी पूर्ण केली आणि विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यात काही नव्हतं ना?"

मी म्हटलं, नाही, काही नव्हतं.

"घरी सांगते," ती म्हणाली. मग गिऱ्हाईक आलं आणि ती तिकडे वळली. तिच्या घरी या महिन्याभरात काय काय बोलणं झालं असेल, ते मी विचारलं नाही. दुसरी संधी मी तिला देऊ शकले नाही. एवढी एक गोष्ट माझ्या खात्यावर राहिली आहे.

तेव्हापासून आमच्या गाळ्यात एकट्या माझ्या चेहऱ्यावर कुठलाही सेट पास होत नाही. चहावाली मंगल, वॉचमन आणि मी, असे तिघं तो घालून बसतो. मंगलला भुताचे खेळ भारी आवडतात. तिला काय होतं ते मी आता शब्दन्‌शब्द लिहून घेते. कुणी मुंग्या म्हणतं, कुणी झिणझिण्या, एकाने तर नाकात सोडा उघडल्यासारखं म्हटलं. प्रत्येक शब्दामागे वेगळा स्क्रू निघतो.

यंदा गणपतीनंतर पाटील सरांनी मला आणि मयूरला कंपनीत बोलावलं. वनिताला खऱ्या क्रेनवर सहा महिने झाले होते. मयूर खालीच उभा राहिला, त्याला उंची झेपत नाही हे त्या दिवशी कळलं. मला हेल्मेट दिलं, कमरेला पट्टा बांधला आणि सरांनी मागून आधार देत मला शिडीने वर चढवलं. क्रेनचा आकडा रिकामा होता, खाली शेड मोकळी केली होती. केबिन जेमतेम दोघींपुरती. वनिताने युनिफॉर्मची बाही सारखी केली, खाली नजर टाकली, भोंगा दिला.

"मावशी, हे खरं हाय," ती म्हणाली. "हे लागणारच."

तिने दांडा पुढे केला. आधी तळपायांना लागलं, मग गुडघ्यांत आलं, मग कण्यातून चढत दातांपर्यंत. असली दणदणीत थरथर मी उभ्या जन्मात पास केली नसती. शेडच्या टोकापर्यंत मी नुसती हसत होते. टोकाला तिने क्रेन थांबवली आणि माझा हात धरून कठड्यावर ठेवला. लोखंड माझ्या तळव्याखाली बराच वेळ गुणगुणत होतं, हळूहळू मंद होत गेलं. शेवटी अगदी शांत झालं. वनिताने माझ्याकडे बघितलं.

"आता थांबली," मी म्हटलं.